मागच्या बाजूचे दोन बोल्ट

कुंडलिक मिस्त्रीच्या उजव्या हाताची तीन बोटं मेली होती, आणि ही गोष्ट अख्ख्या बारामतीत एकट्या कुंडलिकलाच ठाऊक होती. बायकोलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कुंडलिकची मूठ तर खरोखरच झाकलेली असायची, कधी फडक्यात, कधी सदऱ्याच्या खिशात.

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. कन्हेरीच्या एका मळ्यात चालू इंजिनाला टेकून तो मालकाशी गप्पा मारत उभा होता. काहीतरी करपल्याचा वास आला. मालक म्हणाला, "मिस्त्री, काय जळतंय बगा." कुंडलिकनं खाली पाहिलं तर त्याचाच हात धुराच्या तापलेल्या नळीवर टेकलेला. त्यानं हात काढून घेतला, फडकं जळलं म्हणून सांगितलं आणि सायकलवर टांग टाकली. घरी आला तेव्हा त्याची बायको रंगूबाई गोधडी शिवत होती. ती पाण्याला गेलेली बघून त्यानं तिचीच सुई उचलली आणि बोटांत टोचून पाहिली. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, मधल्या बोटाची एक बाजू. रक्त आलं, पण कळ आली नाही. सुई पुसून त्यानं होती तशी गोधडीत खोचून ठेवली.

याला काय म्हणतात हे त्याला माहीत होतं. कऱ्हेच्या पुलाजवळ चिंध्या गुंडाळून बसणारी माणसं त्यानं लहानपणापासून पाहिली होती. लोक त्यांच्यापुढे पैसा टाकतात तोही लांबून. त्या रोगाचं नाव मात्र त्यानं मनातसुद्धा कधी घेतलं नाही. पहिले काही दिवस भीतीनं त्याची झोप उडाली. मग भीतीही बोटांसारखीच हळूहळू बधिर झाली. तो जेवायचा, कामाला जायचा, बोललं की बोलायचा. रंगूबाई एकदा म्हणाली, "तुमी घरात असून नसल्यावानी असता." त्यावर तो "व्हय" म्हणाला आणि ताट बाजूला सारून उठला.

आता कुणी म्हणेल, सुताराचं बोट मेलं तर एक वेळ चालेल, मिस्त्रीचं का नाही चालणार? नाही चालत बाबा. विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाला वर एक जाड लोखंडी झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. आत स्फोट होत असतात, बाजूनं पाणी फिरत असतं, आणि या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला मध्ये फक्त तांब्याचं पातळ पॅकिंग. ते पॅकिंग दाबून धरायचं काम चार बोल्टांचं. बोल्ट सैल राहिले तर पॅकिंग उडतं, जास्त आवळले तर बोल्ट तुटतो, एका बाजूनं आवळले तर हेड वाकडं बसतं. आणि नेमकं किती आवळायचं हे सांगणारं यंत्र त्या काळी आमच्या मुलखात कुणाच्या बापानं पाहिलं नव्हतं. मिस्त्रीचा हात सांगेल ते खरं. त्याच्यासाठी बोल्टांचे आटे स्वच्छ हवेत, त्यांना तेलाचं बोट फिरवलेलं हवं. आटे कोरडे किंवा घाणेरडे असले की नट आट्यांशीच भांडत बसतो. पाना जड लागतो, माणसाला वाटतं आवळलं, पण खाली हेड दाबलेलंच नसतं. चांगला हात असल्या फसवणुकीला फसत नाही. कुंडलिकचा हात पंचक्रोशीत त्यासाठीच नावाजलेला होता.

मेलेली बोटं घेऊन त्यानं कशी तरी होळीपर्यंत मजल मारली. खांद्याला किती ओढ बसते यावर तो अंदाज बांधायचा, पान्याचा आवाज ऐकायचा, डोळ्यांनी दोनदा बघायचा. निभत होतं. हा हात असा आहे हे एकदा बाहेर पडलं की पाना तर सोडाच, पाण्याच्या माठालाही कुणी हात लावू देणार नाही, एवढंच त्याला पक्कं ठाऊक होतं. ते बाहेर पडू द्यायचं नाही, यापलीकडे त्याला आयुष्यात काही करायचं उरलं नव्हतं.

चैत्र निम्मा सरला तेव्हा वरकुट्याहून बिरू त्याला बोलवायला आला. बिरू धनगराचा, तिशीतला, अंगानं दांडगा आणि मनानं अगदीच मऊ. बापाच्या पाठीमागे त्यानं मेंढरं मोडून विहिरीवर इंजिन बसवलं होतं. बायकोनं, बानूबाईनं, त्याला तसं पटवलं होतं. किती वर्षं लोकांच्या बांधाबांधानं हिंडायचं, आता आपल्याच रानात पाणी खेळवू, असं तिचं म्हणणं. बिरूची आई ठमाबाई मात्र ते इंजिन आल्यापासून त्याच्याकडे पाठ करून बसायची. देवाचा कळप विकून लोखंड आणलं, हे तिचं पालुपद.

"हेडातनं पाणी फसफसतंय मिस्त्री," बिरू म्हणाला. "वांगी फुलावर आल्याती. चार दिवस पाणी न्हाय मिळालं तर समदी गळतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं कुंडलिक इंदापूरला उतरला. बिरूची बैलगाडी उभीच होती. ऊन तापायच्या आत दोघं मळ्यात पोचले.

विहिरीच्या काठाला कुडाचं खोपट होतं आणि त्यात इंजिन. खोपट बांधणाऱ्यानं इंजिन मागच्या कुडाला एवढं चिकटवून बसवलं होतं की पुढचे दोन बोल्ट तोंडासमोर यायचे आणि मागच्या दोघांसाठी कुडातून आंधळ्यासारखा हात घालावा लागायचा. कुंडलिकनं हेड उतरवलं. काजळी खरवडली. जुनं पॅकिंग एका कडेला जळून काळं झालं होतं, ते काढून पेटीतलं नवं बसवलं. चारही बोल्टांचे आटे रॉकेलच्या फडक्यानं पुसले, वर तेलाचं बोट फिरवलं, हेड ठेवलं, नट हातानंच टेकवले. आता पाना लावायचा, तेवढ्यात बिरू म्हणाला, "जरा थांबा. भंडारा व्हायचाय."

हे काही नवीन नव्हतं. त्या मुलखात इंजिन म्हणजे घरात आलेलं जनावरच. नवं आलं की त्याला भंडारा, दुरुस्त झालं की भंडारा, आणि तोही झाकण पक्कं होण्याआधी, म्हणजे देव आत शिरतो. कुंडलिकनं कधी कुणाला अडवलं नव्हतं. देवाशी भांडून मिस्त्री कुठं जाणार? त्याची आपली एक रीत होती. हळद उधळून झाली की तो नट परत काढायचा, आटे नव्यानं पुसायचा, तेल लावायचा आणि प्रत्येक नट बोटांनी वरपासून खालपर्यंत उतरवून बघायचा. हळदीचा एक कण जरी आट्यात राहिला तरी बोटांना लगेच कळायचं.

बानूबाईनं वाटीतला भंडारा मुठीत घेतला आणि "बिरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणून इंजिनावर उधळला. तेलानं ओले आटे पिवळेधमक झाले. ठमाबाई लांबूनच बघत होती.

कुंडलिकनं रीत पाळली. नट काढले, पुढचे बोल्ट बघून बघून पुसले. मागचे दोन कुडाकडे होते, दिसत नव्हते, आणि त्या फटीत त्याची करंगळीकडची बोटंच नटाला लागायची. तिथं त्यानं सवयीनं उजवा हात घातला, फडकं फिरवलं, तेल लावलं, नट उतरवून बघितले. बोटं काहीच बोलली नाहीत. आधीसारखी ती आता बोलत नव्हती, हे त्या घटकेला त्याच्या ध्यानातच आलं नाही. इतक्या वर्षांची सवय ती. काही जाणवलं नाही म्हणजे आटे साफ आहेत, असं धरून त्यानं पाना लावला. एक पुढचा, मग त्याच्या तिरक्या समोरचा मागचा, असं थोडं थोडं करत चारही आवळले. मागचे दोन जरा लवकर जड झाले. खांद्याला ओढ बसली, ठीक आहे म्हणाला.

बिरूनं हँडल मारलं. इंजिन एका दमात चालू झालं आणि विहिरीचं पाणी पाटात पडलं. बानूबाई पाटाकडेला बसून ओंजळ ओंजळ पाणी वांग्यांकडे उगीचच लोटत होती, पोरीसारखी. जेवणात पिठलं-भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. कुंडलिक जेवला आणि बाभळीखाली आडवा झाला.

त्याला जाग आली ती फसफस आवाजानं. खोपटातून पांढरी वाफ निघत होती. इंजिनानं दोन-चार आचके दिले आणि बंद पडलं. तो उठून आत गेला. हेडाच्या मागच्या बाजूनं पाणी गळत होतं.

ठमाबाईनं तोवर खोपटाच्या तोंडाशी बैठकच मारली होती. "म्या सांगत न्हवते?" तिनं सुरुवात केली. "कळप इकला तवाच सांगितलं. आन आज ह्या बयेनं भंडाऱ्याला हात लावला. काल संध्याकाळपातुर बाहेर बसली हुती ही, डोक्यावरनं पाणी तरी नीट घेतलं का? आगं, देवाला काय डोळं न्हाईत व्हय?"

"सकाळीच न्हाले की आत्याबाई," बानूबाई म्हणाली.

"न्हालीस! देवानं दावलं की न्हालीस का न्हाय ते."

बिरू आईकडे बघे, बायकोकडे बघे आणि शेवटी कुंडलिककडे. "मिस्त्री, काय झालं आसंल?"

कुंडलिकला काय झालं ते अर्धंमुर्धं कळलं होतं. तो म्हणाला, "उघडून बघतो."

ठमाबाईला उघडून बघण्यात रस नव्हता. ती बिरूला घेऊन बिरोबाच्या देवळात कौल लावायला निघाली. देवाच्या दगडाला उजवीकडे एक, डावीकडे एक असे ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचे. उजवा पडला तर देव राजी, डावा पडला तर घरात कुणाचं तरी चुकलं. कुणाचं, हे ठमाबाईनं आधीच ठरवलेलं होतं. बैलं जुंपायच्याही भानगडीत न पडता मायलेक पायवाटेनं चालू लागले.

कुंडलिकनं हेड उतरवलं. मागच्या बोल्टांवरून काढलेले नट त्यानं उजेडात धरले. आतले आटे पिवळे होते. तेल आणि हळद यांचा लगदा होऊन दाबानं कडक झाला होता. नट त्या लगद्यात रुतून बसले होते, हेडापर्यंत दाब पोचलाच नव्हता. आंधळ्यालाही चाचपून कळलं असतं. त्याला कळलं नव्हतं.

आता दुसरं पॅकिंग नव्हतं. आत्ता काढलेलं तांब्याचं कडं, म्हणजे सकाळचंच पॅकिंग, जळालेलं नव्हतं, नुसतं दाबानं कडक झालं होतं. ते लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवलं की तांबं परत मऊ होतं. बानूबाईनं न सांगता तीन दगडांवर गोवऱ्या पेटवल्या. कुंडलिकनं कडं विस्तवात ठेवलं, लाल झाल्यावर चिमट्यानं काढून घमेल्यात टाकलं. घमेल्यात पाणी कमी होतं. कड्याची एक बाजू बुडली, एक वर राहिली. त्यानं वरच्या बाजूत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अडकवलं आणि कडं उचललं.

"आवं, तापल्यालं हाय ते!" बानूबाई ओरडली.

कुंडलिकनं कडं खाली ठेवलं, पण जरा सावकाश ठेवलं. माणसाला चटका बसला की हात आपोआप झटकला जातो, फुंकर मारली जाते, निदान तोंड तरी वाकडं होतं. यातलं काहीच झालं नाही. करंगळीच्या बाजूची कातडी पांढरी पडून वर आली होती. बानूबाई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कुंडलिकला कळलं की हिला कळलं.

इतके महिने या क्षणाला तो भ्यायला होता. आणि आता आला तर काहीच वाटेना. आपण कुणा दुसऱ्याच्याच हाताकडे बघतोय असं त्याला झालं.

बानूबाई उठली, घरातून तेलाची बुधली आणि लुगड्याचा धडपा घेऊन आली. लांब उभी राहून तिनं ते खाली ठेवलं नाही. पुढे होऊन त्याच्या हातावर तेल घातलं आणि धडपा गुंडाळला.

"माझ्या भावाचं आसंच झालं हुतं," ती म्हणाली. "पायात काटा मोडला हुता त्याच्या, तळवा सुजून भोपळा झाला तरी मेंढरामागं पळायचा. दुखत न्हाय म्हनायचा. मला कवतिक वाटायचं. म्या हसत हसत आईला जाऊन सांगितलं, बग की, आपल्या दादाला काटा बी लागत न्हाय."

"मग?"

"मग काय. मेंढरांच्या वाड्यातल्या समद्यांनी मिळून त्याला भिगवणच्या ठेसनावर नेऊन सोडला. परत यायची वाट बी त्याला ठावी न्हवती." तिनं धडप्याची गाठ मारली. "म्या बोलले नसते तर आणखी दोन वर्सं तरी त्यो माझ्यासंगं हिंडला असता. मी कुणाला सांगत न्हाय मिस्त्री. पर आता गोळ्या निघाल्यात म्हनं पुण्याकडं. तुमी जावा."

कुंडलिक "बरं" म्हणाला.

हात बांधलेला, तोही उजवा. डाव्या हातानं तो नट चिमटीत धरू शकत होता, पण कुडामागे पोचत नव्हता. बानूबाईनं ते ताडलं आणि पदर खोचून स्वतःच हात घातला. तिचा हात बारीक होता, सरळ गेला. रॉकेलचं फडकं तिनं आट्याआट्यातून फिरवलं. कुंडलिक सांगत होता, ती करत होती. नट उतरवताना मध्येच थांबली.

"हितं खरखरतंय."

"काढा. परत पुसा."

तिनं परत पुसलं, परत तेल लावलं. या वेळी नट तळापर्यंत अलगद गेला. पाना लावायची वेळ आली तेव्हा कुंडलिक खाली बसून बोलू लागला. कधी कुणाला त्यानं हे शब्दांत सांगितलं नव्हतं. हाताला येतं ते तोंडाला यायला वेळ लागला. "आधी नट मोकळा फिरंल. मग टेकंल. टेकला की ओढ लागंल, आन जसं जसं फिरवाल तशी ओढ वाढत जाईल. वाढतीया तवर भ्या न्हाय. जिथं ओढ वाढायची थांबती आन पाना उगीच पुढं सरकतोय आसं वाटतं, तिथं बोल्ट मरतो. त्याच्या आधी थांबायचं. आन एकदम न्हाय. हा थोडा, मग त्यो तिरका समोरचा थोडा, मग परत हा."

"कातरायला मेंढीचं पाय बांधतो तसं," बानूबाई म्हणाली. "दोरी रुतू बी नये आन सुटू बी नये."

"तसंच."

ती आवळत होती आणि कुंडलिक तिच्या मनगटाकडे बघत होता. मनगट एका जागी येऊन आपसूक थांबायचं. नेमकं तिथंच त्याचंही थांबलं असतं, पूर्वी.

दिवस कलायला मायलेक परतले. लांबूनच ठमाबाईचा आवाज आला. कौल डावा पडला होता. एकदा नाही, दोन्ही वेळेला. तेवढ्यात कुंडलिकनं डाव्या हातानं हँडल मारलं आणि इंजिन चालू झालं. बिरूचा चेहरा उजळला. ठमाबाईचा उजळला नाही. "आज चाललं, उद्या बंद पडंल," ती म्हणाली. "देव काय खोटं बोलतोय व्हय? इचार तिला."

बिरूनं विचारलं नाही. बानूबाईच म्हणाली, "व्हय. चुकलं माझं."

तिनं कुंडलिककडे चुकूनही पाहिलं नाही. कुंडलिक पाना पुसत होता. त्याला लाज वाटायला हवी होती, हे त्याला समजत होतं. पण समजणं वेगळं आणि वाटणं वेगळं. त्यानं पाना पेटीत ठेवला, झाकण लावलं. बिरूनं विचारलं, हाताला काय झालं. "पोळलं जरा," एवढंच तो बोलला.

इंदापूरच्या वाटेला गाडी लागली. बैलं आपल्या चालीनं चालली होती. बिरूनं विडी पेटवली.

"हिला माहेरी धाडतोय उद्या," तो म्हणाला. "म्हातारी पाणी बी घेईना तिच्या हातचं. म्हनती, ही घरात हाय तवर इंजिन टिकायचं न्हाय."

"किती दिवस?"

"आता काय सांगू मिस्त्री. डावा कौल पडल्याली बाई परत आणायची म्हंजी देवाचा उजवा पडाया पायजे. आन देवाला इचारणार आमची म्हातारीच." तो कोरडं हसला. त्याचे डोळे भरलेले होते. "तिच्याच हट्टानं इंजिन आलं बगा. आन तिलाच पाणी बघायला न्हाय मिळणार. तुमचं बरं. तुमच्या हाताला येश हाय. आसा हात देव समद्यांस्नी देत न्हाय."

कुंडलिक पुढच्या बैलाच्या शिंगाकडे बघत होता. काहीच वाटत नव्हतं, आणि अचानक त्या काहीच न वाटण्याचा त्याला संताप आला. किती तरी महिन्यांत त्याला काही वाटलं असेल तर ते हेच.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

बिरूनं कासरा ओढला. कुंडलिकनं दातानं गाठ सोडली, धडपा उलगडला आणि हात उघडा केला. मग बिरूच्या बोटांतली विडी काढून घेतली आणि तिचं पेटतं टोक स्वतःच्या करंगळीवर टेकवलं. टेकवून तसंच धरलं.

"आरं आरं मिस्त्री!"

"मला काय कळत न्हाय बिरू. बग. काय सुदिक कळत न्हाय." त्यानं विडी फेकून दिली. "तीन बोटं मेल्याती माझी. तुझ्या आट्यात हळद ऱ्हायली ती ह्या हाताला लागली न्हाय. जित्या हाताला लागली असती. तुझ्या बायकोचा काय बी दोष न्हाय आन देवाचा बी न्हाय."

बिरू त्या हाताकडे बघत बसला. त्याला उमगायला थोडा वेळ लागला. मग तो गाडीच्या दांडीवरून खाली उतरला आणि बैलांच्या बाजूनं पायी चालू लागला. कुंडलिक एकटाच गाडीत. वाट अजून बरीच होती. बिरूनं एकदाही चढायचं मनावर घेतलं नाही, आणि कुंडलिकनंही त्याला बस म्हटलं नाही.

सडक दिसायला लागली तेव्हा बिरूनं समोर बघतच विचारलं, "बानीला ठावं हुतं?"

"दुपारी कळलं तिला."

"आन तरी बी ती म्हनाली, चुकलं माझं?"

"व्हय."

बिरूनं खांद्यावरच्या घोंगडीनं तोंड पुसलं. "म्हातारीला काय सांगू आता?"

"हाय ते सांग."

"म्हातारीला सांगितलं म्हंजी गावाला सांगितलं. बारामतीला पोचायला आठवडा न्हाय लागायचा. तुमाला कोन बोलवंल परत?"

"कुणी न्हाय." कुंडलिक गाडीतून उतरला. "तू सांग."

एस.टी. थांबते त्या लिंबाखाली कुणी नव्हतं. बिरू पेटी उतरवायला गेला. पेटीच्या कडीशी त्याचा हात गेला आणि तिथंच अडला. तो भला माणूस होता, त्याला स्वतःचीच शरम वाटली, पण हात काही पुढे जाईना. तसाच उभा राहून तो म्हणाला, "मिस्त्री, हेड परत उडालं तर मी कुणाकडं जाऊ?"

"कुणाकडं बी जाऊ नको. आज ते बोल्ट मी आवळलेच न्हाईत. माझा हात बांधलेला हुता, तू बघितलास की. आट्यातली हळद तिनं काढली, पाना बी तिनंच फिरवला. तुझ्या वांग्यांत आत्ता पाणी पडतंय ते बानूबाईच्या हाताचं हाय." त्यानं कडीवर अडलेल्या बिरूच्या हाताकडे पाहिलं. "पेटी ऱ्हाऊ दे गाडीत. तिला दे. रॉकेलनं पुसून घे म्हनावं, भ्या वाटत आसंल तर."

बिरूनं मान हलवली. त्यानं गाडी वळवली, आता चढून बसला, आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळून अशी गाडी हाकली की धुरळ्यात ती दिसेनाशी झाली. कुंडलिक पहिल्यांदाच रिकाम्या हातानं बारामतीला निघाला होता. पोळलेल्या करंगळीत काहीच नव्हतं, पण गळ्याशी काहीतरी दुखू लागलं, आणि दुखतंय हे कळल्यावर त्याला रडू आलं. लिंबाच्या बुंध्याशी बसून तो मनसोक्त रडला. मग घरी गेल्यावर रंगूला काय सांगायचं ते तो जुळवत बसला, पण एस.टी. आली तरी त्याला पहिलं वाक्य सुचलं नव्हतं.